वाळूच्या रंगात चोरून टाकलेले थेंब

हॉस्पिटलच्या नोकरीतून निवृत्त झाली तेव्हा माझ्या आत्याकडे स्वतःच्या म्हणाव्यात अशा दोनच मोठ्या गोष्टी होत्या. एक काळपट लाकडाचं कपाट आणि एक मैत्रीण.

आत्या छत्तीस वर्षं सिस्टर होती, त्यातली शेवटची बारा मेट्रन. सगळं हॉस्पिटल तिला 'मेजर' म्हणायचं. ती वॉर्डात शिरली की पेशंट आपापल्या चादरी सरळ करायचे. एकदा म्हणे कुणाला तरी भेटायला आलेल्या एका वकिलाने घाबरून स्वतःचा टाय सरळ केला होता. मैत्रीण ऑपरेशन थिएटरमध्ये होती. ताडमाड उंच, स्टूल न घेता सगळ्यात वरच्या फळीवरचा डबा काढणारी, म्हणून तिचं नाव पडलं 'शिडी'. मी तिला मावशी म्हणते. क्वार्टर्समध्ये दोघींच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. माझ्या आठवणीत त्यांचं कधी भांडण झालेलं नाही, कारण आत्या सांगायची आणि मावशी हसून तिला हवं तेच करायची.

क्वार्टर्स सोडायची वेळ आली तेव्हा दोघींनी मिळून घर घेतलं. तिसरा मजला, झोपायच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि उत्तरेला भलीमोठी खिडकी असलेला हॉल. खोल्या जिच्या तिने आपल्या मर्जीने रंगवायच्या असं ठरलं. प्रश्न हॉलचा होता.

आता हे लक्षात घ्या की या दोघींना जन्मात कुणी 'भिंतीला कोणता रंग हवा?' असं विचारलेलं नव्हतं. क्वार्टर्समध्ये दर तीन वर्षांनी एक माणूस बादली घेऊन यायचा, 'सामान मधे ओढा' म्हणायचा, आणि संध्याकाळपर्यंत भिंत कमरेपर्यंत हिरवी आणि वर पांढरी करून जायचा. "हिरवाच का?" असं आत्याने एकदा विचारलं होतं. "आलाय म्हणून," तो म्हणाला होता.

"आता आपल्याला कुणी विचारायला नको," मावशी रिकाम्या हॉलमध्ये उभी राहून म्हणाली. "आपणच सांगायचं!" आणि त्या साठीच्या लांबलचक बाईने स्वतःभोवती चक्क गिरकी घेतली. आत्याने 'काय हा पोरकटपणा' असं तोंड केलं खरं, पण तिची चप्पल फरशीवर ताल धरत होती ते मी पाहिलं.

मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. तेव्हा सुट्टीचे दिवस होते, काम अर्धाच दिवस. त्यामुळे या कामावर माझी नेमणूक झाली. 'नेमणूक' हा आत्याचा शब्द.

रंगाच्या दुकानातले गृहस्थ जाड चष्म्याचे आणि सावकाश बोलणारे होते. "कसा रंग हवाय?" त्यांनी विचारलं. आत्या तयारीनेच आली होती.

"उबदार हवा, पण पिवळा नको. साधा हवा, पण मेलेला नको. आणि बघून हॉस्पिटल आठवता कामा नये."

"म्हणजे उबदार न्यूट्रल."

"न्यूट्रल म्हणजे?"

"जो कुणाशी भांडत नाही असा."

"मग तो हिच्यावर गेलाय," आत्या मावशीकडे बोट दाखवत म्हणाली. "माझ्यावर नाही."

दुकानदारांनी काउंटरवर शेड कार्डांचा ढीग घातला. दुधाळ, बदामी, बिस्किटी, लोणी, वाळू, राख, शिंपला. सगळे इतके सारखे की मला डोळे तपासून घ्यावेसे वाटले. पण खरी अडचण वेगळीच होती. या दोघींनी छत्तीस वर्षं हॉस्पिटलच पाहिलेलं. त्यांना दुसरं काही दिसेचना.

"हा बँडेज," आत्या म्हणाली.

"जुना बँडेज," मावशीने दुरुस्ती केली.

"हा कॅलामाइन लोशन. बघूनच अंगाला खाज सुटली."

"हा खोकल्याचं औषध. पाणी घातलेलं."

"हा प्लास्टर. सहा आठवड्यांनी काढलेलं."

पुढच्या पट्टीपाशी मावशी थबकली. हसू दाबत ती आत्याच्या कानात काहीतरी पुटपुटली, आणि माझी आत्या, जिला बघून वकील टाय सरळ करायचे, ती काउंटरवर डोकं टेकवून खदखदा हसायला लागली. दुकानदारांनी ती पट्टी हळूच उलटी करून ठेवली. त्यांनाही बहुतेक कळलं होतं.

दोघी सावरल्यावर त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. उत्तरेचा उजेड थंड असतो, म्हणाले. राखाडीकडे झुकणारा रंग घेतलात तर तो तिथे निळा पडेल आणि तुम्हाला दिवसभर स्वेटर घालावासा वाटेल. खाली फरशी लाल असेल तर ती भिंतीवर गुलाबी सांडते, तेही धरून चला. आणि रंग काही भिंतीवर एकटा राहत नाही. "त्याच्या शेजारी कोण कोण येणार, ते आधी सांगा."

फरशी लालच होती. शेजारी आत्याचं काळपट कपाट येणार होतं. आणि मावशीची खुर्ची.

"खुर्ची कसली, पिवळं संकट आहे ते," आत्या म्हणाली.

"मोहरीचा रंग आहे तो. आणि ती खुर्ची येणार म्हणजे येणार. एक वेळ मी येणार नाही, ती येईल."

मावशीने आत्यापुढे आवाज चढवलेला मी पहिल्यांदाच ऐकला. आत्याने चकित होऊन तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने पुढचं कार्ड उघडलं. तासाभराने दोघींची बोटं एकदमच एका चौकोनावर पडली. 'दुपारची वाळू'. फिक्या बिस्किटासारखा, खाली किंचित तांबूस झाक असलेला. दोघींनी एकमेकींचा हात हातात घेऊन असा हलवला, की जणू अवघड बाळंतपण सुखरूप पार पडलं होतं.

"एवढ्याशा चौकोनावर विसंबू नका," दुकानदार म्हणाले. "छोटा डबा न्या. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि तो पुठ्ठा घरभर फिरवा. सकाळी बघा, दुपारी बघा, दिवा लावून बघा. फरशीला टेकवून बघा, खुर्चीमागे धरून बघा. मग मोठी बादली करू."

फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा मिळाला, माणूसभर उंच. रंगवून झाल्यावर तो क्वार्टर्समधून नव्या घरी न्यायचा होता. दोघींनी तो दोन टोकांना धरला, मी मागून चालत होते. कोपऱ्यावर वारा असा काही शिरला की पुठ्ठ्याचं शीड झालं आणि तो दोघींच्या हातून निसटून रस्त्यावरून पळत सुटला. मागे मेजर, मागे शिडी, त्यांच्या मागे मी. "धरा! अहो, आमची भिंत धरा!" मावशी ओरडत होती. एका सायकलवाल्याने पाय आडवा घालून भिंत अडवली. त्याचे आभार मानायला दोघींच्या अंगात दम नव्हता. दोघी फूटपाथवर एकमेकींना धरून हसत नुसत्या हेलकावत होत्या.

दोन दिवस तो पुठ्ठा हॉलमध्ये फिरला. आत्याने वहीत तक्ता केला, तापाचा करतात तसा. 'सकाळी सात, खिडकीजवळ : बरा. दुपारी बारा : उत्तम. संध्याकाळी सहा, दिवा लावून : थोडा चढलेला. कपाटाशेजारी : शांत.' शेवटी खाली 'हरकत नाही' लिहून सही केली. दहा लिटरची बादली तयार होऊन आली आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्री कामाला लागले.

मिस्त्री सडपातळ, मिशाळ, आणि आयुष्यात कुणालाही नाही न म्हटलेले गृहस्थ होते. त्यांना कुणी 'छत उचलून जरा पलीकडे ठेवा' म्हटलं असतं तरी ते म्हणाले असते, "हो ताई, आधी प्रायमर सुकू दे." पहिले तीन दिवस भिंती खरवडण्यात, पुट्टी भरण्यात आणि घासण्यात जाणार होते. रंगाची बादली तोवर स्वयंपाकघरात झाकण लावून बसलेली.

पहिल्याच सकाळी त्यांनी आतून हाक मारली, "ताई, शिडी फार हलतेय, जरा धरता का?"

आत्याने शेजारी उभ्या असलेल्या मावशीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुठे हलतेय? ही काय गप उभी आहे."

"जुनी झालीय ना," आतून मिस्त्री, "पण वजन अजून चांगलं पेलते."

मावशी भिंतीला धरून खाली बसली. मिस्त्रींना कुणीतरी खुलासा केल्यावर ते कानापर्यंत लाल झाले, आणि तिथून पुढे त्या वस्तूचं नाव घ्यायचं सोडून 'ती उंचवाली' म्हणायला लागले. त्याने गोष्ट आणखीच बिघडली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मिस्त्रींनी अंदाजासाठी म्हणून खिडकीशेजारी हातभर जागेवर 'दुपारच्या वाळू'चा एक पट्टा मारून ठेवला, आणि गोंधळाला तिथून सुरुवात झाली.

त्या संध्याकाळी आत्या एकटीच आली. पडद्याचं माप घ्यायचंय म्हणाली. मावशीची खुर्ची आदल्या दिवशीच येऊन पडली होती. आत्याने दिवा लावला, मागे सरकून पाहिलं, आणि तिला दिसलं की खुर्ची भिंतीवर चढतेय. सगळा पट्टा मोहरीसारखा पिवळा भासत होता. तिने मिस्त्रींना स्वयंपाकघरात नेलं आणि वॉर्डात वाईट बातमी सांगतात त्या आवाजात म्हणाली, "याचा पिवळेपणा थोडा कमी करा. आणि हे तिला कळता कामा नये. तिला तो रंग फार आवडलाय."

"ताई, रंगातून काढता काही येत नाही," मिस्त्री म्हणाले. "फक्त घालता येतं. पिवळं मारायचं तर जांभळं घालावं लागेल." त्यांच्याकडे स्टेनरच्या छोट्या बाटल्या होत्या. दाट, कडक रंग. थेंबाथेंबाने टाकायचा आणि काठीने ढवळायचं.

"डोस किती?"

"चार थेंब पुरे."

"दहा लिटरला चार थेंब? अहो, मुंगीला पुरणार नाहीत. टोपणभर घाला."

"हो ताई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी एकटी आली. मोहरीच्या खुर्चीला ऊन लागतंय का बघते म्हणाली. बघते तो काय, नव्याने मारलेला पट्टा आजारी. "अगबाई! वाळल्यावर हा असा होतो? याचं हिमोग्लोबिन सहा असेल हो, मिस्त्री! जीव घाला यात जरा." आणि मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "मेजरला नका बोलू. तिने वहीत सही केलीय. तिला वाटेल आपलं चुकलं."

विटकरी लाल, एक टोपण. "हो ताई."

दुपारी आत्याला तोच पट्टा कॅलामाइन दिसला. कॉफी रंगाचं दीड टोपण. संध्याकाळी मावशीला तो उदास वाटला. पिवळं एक टोपण, "आणि अर्धं माझ्याकडून." तिसऱ्या दिवशी आत्या परत, मावशी परत. दोघींची एकमेकींशी दारातसुद्धा गाठ पडली नाही हे केवळ नशीब. एकदा आत्या जिना उतरत होती तेव्हा मावशी खालच्या मजल्यावर बुटाची नाडी बांधायचं सोंग करून भिंतीकडे तोंड करून बसली होती म्हणे. तिच्या बुटांना नाडी नव्हती.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी किल्ली द्यायला गेले तर मिस्त्री बादलीसमोर उकिडवे बसले होते, घरी कुणाचं काही बरंवाईट झाल्यासारखे.

"ताई, मला झोप नाही लागत," ते म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

मी ओट्याला धरून हसले. मग ओट्यावर वाकून हसले. मग फरशीवर बसले. मिस्त्री बिचारे पाणी घेऊन आले. "आता मी काय करू?" ते म्हणत होते. "एकीचं ऐकावं तर दुसरी. दुसरीचं ऐकावं तर पहिली. दोघी एकमेकींना दुखवायचं नाही म्हणून हे करतात, आणि मी मधल्या मधे मरतोय."

"दाखवा तरी कसा झालाय."

त्यांनी झाकण उचललं. वाळू केव्हाच मागे पडली होती. आत खोल, तांबूस, दूध कमी पडलेल्या चहासारखा रंग होता. मी बराच वेळ बघत राहिले. आता खरं सांगायचं तर मी तिथे झाकण लावून घरी जायला हवं होतं. पण कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "मिस्त्री, आणखी थोडा तांबूस केला तर?"

मिस्त्रींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला आजही आठवलं की लाज वाटते. "हो ताई," ते म्हणाले.

पुढचे दोन दिवस मी दोघींना नव्या घराकडे फिरकू दिलं नाही. रंगाचा वास चढतो, क्वार्टर्समधलं सामान बांधायचंय, अशी कारणं काढली. दोघीही चटकन कबूल झाल्या. प्रत्येकीला वाटत होतं की आपलं काम झालंय, आता दुसरीने येऊन काही बिघडवायला नको. मिस्त्रींनी तेवढ्यात तीन भिंती दोन दोन हात मारून पुऱ्या केल्या. चौथी, स्वयंपाकघराच्या दाराची भिंत, तेवढी राहिली होती. तेव्हा मी दोघींना घेऊन गेले.

दार उघडलं. दोघी आत आल्या आणि थांबल्या.

अख्ख्या भिंतीवर तो रंग बादलीतल्यापेक्षा अधिक गडद दिसत होता. भट्टीतून नुकत्याच काढलेल्या बिस्किटाची खालची बाजू असते ना, तसा. उत्तरेचा गार उजेड त्याच्यावर पडून मऊ झाला होता. आत्याचं कपाट कोपऱ्यात पहिल्यांदाच काळं न दिसता तपकिरी दिसत होतं. आणि मोहरीची खुर्ची! ती तर कुणीतरी तिचं कौतुक केल्यासारखी उजळून बसली होती.

पण दोघी ते बघतच नव्हत्या. दोघींची तोंडं परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्या मुलींसारखी झाली होती.

"शिडे," आत्या म्हणाली, "मला तुला एक सांगायचंय."

"थांब मेजर, आधी मला सांगू दे."

"नाही, माझं ऐक. चूक माझी आहे. मी जांभळं घातलं."

"जांभळं?" मावशी म्हणाली. "मी तर लाल घातलं!"

"लाल कधी?"

"काम सुरू झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी. आणि संध्याकाळी पिवळं. तू जांभळं कधी घातलंस?"

"त्याच्या आदल्या संध्याकाळी. मग कॉफी. मग..." आत्याने मिस्त्रींकडे पाहिलं. "मिस्त्री, मग काय घातलं मी?"

मिस्त्री 'त्या उंचवाली'वर चढून बसले होते, जणू तिथवर कुणाचा हात पोचणार नव्हता. "तुम्ही परत जांभळं," ते म्हणाले. "मग या ताईंनी परत लाल. मग..." त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"मग मी थोडं तांबूस," मी म्हणाले.

मग मावशीच्या नाकातून एक बारीक शिट्टीसारखा आवाज निघाला. आत्याने ओठ घट्ट मिटून धरले, वॉर्डात धरायची तसे. ते काही टिकले नाहीत. छत्तीस वर्षांचं दाबून ठेवलेलं हसू एकदम बाहेर पडावं तशी ती फुटली. "टोपणभर!" ती म्हणत होती. "मी त्यांना म्हटलं, मुंगीला पुरणार नाही!" मावशीची मुरकुंडी वळली. ती हसत हसत मागे सरकली आणि पाठीने अलगद ओल्या भिंतीला टेकली. "मावशी, भिंत!" मी ओरडले. ती दचकून पुढे झाली, तिच्या निळ्या स्वेटरवर पाठभर बिस्कीट उमटलेलं, भिंतीवर तिचे दोन्ही खांदे. ते बघायला ती गर्रकन वळली आणि तिचा पाय बादलीला लागला.

बादली आडवी झाली. चौथ्या भिंतीसाठी राखून ठेवलेला सगळा रंग अंथरलेल्या प्लास्टिकवरून अगदी निवांत, कुणाला घाई नसल्यासारखा खिडकीकडे निघाला.

आता आत्या उलट्या घातलेल्या डब्यावर बसून मांडीवर थापा मारत होती. डोळ्यांतून पाणी. "शिडी पडली!" ती म्हणाली, आणि मावशी खरोखरच त्या रंगात मटकन बसली. खालच्या मजल्यावरच्या बाई काय झालं बघायला वर आल्या. त्यांना कुणीच काही सांगू शकलं नाही. एक बाई डब्यावर, एक रंगात, एक कोऱ्या भिंतीला डोकं टेकून आणि एक मिस्त्री छतापाशी मिशी चावत, एवढं बघून त्या हळूच दार ओढून घेऊन गेल्या.

बादलीच्या तळाशी दीड मग रंग वाचला होता. मिस्त्रींनी त्यातून आधी मावशीचे खांदे बुजवले. भिंतीवरचे. मग राहिलं कसंबसं मगभर. आणि तो रंग पुन्हा होणार नव्हता. मी तो रंग पुठ्ठ्याच्या एका तुकड्याला फासून दुकानात जाऊन आले. दुकानदारांनी चष्मा काढून, पुसून, परत घालून पाहिलं. "यात घातलंय तरी काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सगळ्यांनी थोडं थोडं." त्यांनी मान हलवली आणि कार्डं परत ढिगात ठेवली.

म्हणजे चौथ्या भिंतीला जोडीचा दुसरा रंग निवडणं आलं. आणि आता नवीनच संकट उभं राहिलं. दोघींना इतकं अपराधी वाटत होतं, की दोघीही माघार घ्यायला निघाल्या.

"तुझ्या आवडीचा कर," आत्या म्हणाली.

"छे, तुझ्या. मी बादली सांडली."

"पहिलं टोपण माझं होतं."

"माझी मिळून जास्त होती."

"तुझी पाच, माझी साडेपाच."

"मेजर, उगाच मोठेपणा घेऊ नकोस!"

आवाज चढले. दुकानात खुर्चीवरून मावशीचा चढला होता त्याहून वर. 'तू ठरव', 'नाही, तूच ठरव', असं म्हणत दोघी अशा भांडल्या की ज्याचं नाव ते. माझ्यासमोर झालेलं हे त्यांचं पहिलं भांडण, आणि तेसुद्धा दोघींनी हार मानण्यावरून. अर्धा तास झाला तेव्हा मिस्त्री खाली उतरले. त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला.

"नाही," मिस्त्री म्हणाले.

आम्ही तिघींनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना स्वतःलाही नवल वाटलेलं दिसलं, कारण त्यांनी तो शब्द चव घेतल्यासारखा पुन्हा एकदा म्हटला. "नाही. आता कुणी काही ठरवायचं नाही. बसा."

मेजर बसली. वॉर्डातल्या एखाद्या पेशंटला बघायला मिळायला हवं होतं ते.

मिस्त्रींनी छतासाठी आणलेल्या पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. सांडलेल्या बादलीच्या कडा पत्र्याने खरवडून, तळाशी उरलेलं सगळं पांढऱ्यात ओतलं आणि काठी दोघींच्या हातात दिली. "ढवळा. दोघींनी मिळून. आणि बाटल्या मी पिशवीत घातल्यात, शोधू नका."

दोघींनी एकच काठी धरून ढवळायला सुरुवात केली. पांढऱ्यात आधी तांबूस धागे फिरले, मग धाग्यांचे वेटोळे झाले, मग वेटोळे विरघळत गेले. आत्या जोरात ढवळायची, मावशी सावकाश, त्यामुळे काठी मधेच अडखळायची आणि दोघी परत हसायला लागायच्या. हळूहळू डब्यात एक फिका, सायीसारखा रंग तयार झाला.

"जोडीचा रंग बाहेर शोधायला गेलं की हे असं होतं," मिस्त्री म्हणाले. ते पहिल्यांदाच इतकं सलग बोलत होते. "गडद रंग आहे, त्यालाच पांढऱ्यात घालून पातळ करायचं. एकाच रक्ताचे दोन. कुठल्याही उजेडात ठेवा, दोघांत बेबनाव व्हायचा नाही. छतालाही हाच मारतो. कोरा पांढरा मारला असता तर वर कापल्यासारखा दिसला असता."

संध्याकाळी चौथी भिंत झाली. स्वयंपाकघराच्या दारातून येणारा उजेड त्या फिक्या भिंतीवर पडून समोरच्या गडद भिंतीकडे जात होता आणि हॉल आहे त्याहून मोठा वाटत होता. आत्या मधोमध उभी राहिली. चहूकडे पाहिलं. मग कुणी न सांगता जाऊन मोहरीच्या खुर्चीत बसली, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवून. मावशीने ते पाहिलं आणि शहाण्यासारखी खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात दोघी राहायला आल्या. पहिल्या सकाळी मी पाव आणि दूध घेऊन गेले. साडेनऊ वाजले असतील. दार नुसतंच लोटलेलं. आत खोकी तशीच बांधलेली, भांडी बाहेर काढलेली नाहीत, आणि हॉलच्या फरशीवर, भिंतीसमोर, दोघी पाय पसरून बसलेल्या. आत्याच्या अंगावर चुरगळलेला गाऊन, केस मोकळे. मी तिला सकाळी साडेनऊला अशी जन्मात पाहिली नव्हती. माझ्या आठवणीत या वेळेपर्यंत तिचे दोन राउंड झालेले असायचे.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"शू!" मावशी म्हणाली. "बस इथे. सहा वाजल्यापासून बघतोय. आधी नुसती मातीसारखी होती. मग सातला जरा गुलाबी झाली..."

"कॅलामाइन नव्हे हं," आत्या म्हणाली. "वेगळी गुलाबी."

"...आणि आता बघ, त्या समोरच्या इमारतीच्या काचेवरून ऊन परत फिरून येतंय. तो कोपरा बघ, तो! आला, आला, आला!"

कोपऱ्यात उन्हाचा एक तिरपा पट्टा हळूच भिंतीवर चढला आणि तेवढी जागा मधासारखी झाली. दोघींनी एकदम 'अहाहा' केलं आणि आपण काय केलं ते कळून एकमेकींच्या अंगावर कलंडल्या.

मी दुधाची पिशवी बाजूला ठेवली, चपला काढल्या आणि दोघींच्या मधे जागा करून घेतली. चहा अकराला झाला. तो मावशीने केला, आणि तिचं भिंतीवरचं लक्ष हलेना म्हणून साखर दोनदा पडली.